गाणं, पेटी आणि तबला घरच्या खोलीत: स्वस्तातलं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग

मल्टिट्रॅक म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर उतरवणं. त्यासाठी दुकानात शिरण्याआधी वहीत एक आकडा लिहा: एका वेळी किती माइक चालू असणार? बाकी सगळी खरेदी या आकड्यावर ठरते. तो न काढता घेतलेलं सामान सहा महिन्यांत पुन्हा विकायला निघतं.

भावगीताची चाल बांधलेली असेल, लय क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यांवर) चालणार असेल, तर आज तबला, उद्या पेटी, परवा गळा असं एकेक वाद्य चढवत जाता येतं. त्याला दोन माइकांचं यंत्र पुरतं. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत किंवा भजनात हे जमत नाही. विलंबित लय हळूहळू सरकते, गाणाऱ्याच्या श्वासावर तबलजीचं लक्ष असतं, समेवर तिघं एकमेकांकडे बघून येतात. तबला आधी ठोकून ठेवला आणि त्यावर गायला बसवलं, तर गाणं ठेक्यामागे धावत असल्यासारखं वाटतं. म्हणजे तिघं एकत्र वाजवणार. गळ्याला एक माइक, पेटीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक. आकडा चार. तंबोऱ्याला लय नसते, त्यामुळे तो नंतरही चढवता येतो. तो या आकड्यात धरायची गरज नाही.

इंटरफेस: नावातल्या आकड्यावर जाऊ नका

माइकचा बारीक सिग्नल मोठा करून संगणकाला पोचवणारा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. त्यात बघायचं ते माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा सिग्नल मोठा करणारे भाग, किती आहेत, एवढंच. जाहिरातीतल्या ‘इनपुट’च्या संख्येत लाइन, डिजिटल असं सगळं मिसळलेलं असतं. फोकसराइटच्या स्कार्लेट ४आय४ मध्ये इनपुट चार आहेत, पण माइक लागतात दोनच. उरलेले दोन कीबोर्डसारख्या लाइन सिग्नलसाठी. स्कार्लेट १८आय८ चं नाव अठराचं, त्यात माइक प्रीअँप चार. उलट बेरिंजरच्या यूएमसी ४०४एचडीत चारही इनपुटांना प्रीअँप आहे, आणि आपल्या चार माइकांच्या गणितात कमी पैशांत बसणारं यंत्र म्हणून त्याचा विचार आधी करावा. पुढे पखवाज, टाळ, बासरी अशी मंडळी वाढणार असतील तर आठ प्रीअँपचं यूएमसी १८२० बघा. चारांचं घेऊन दोन वर्षांनी आठांचं घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक मिक्सरची. ‘यूएसबी मिक्सर’ म्हटलं की दहा चॅनेल संगणकात वेगवेगळे येतील असं वाटतं. यामाहाच्या एमजी१०एक्सयू सारख्या मिक्सरमधून यूएसबीवाटे फक्त डावा-उजवा असे दोनच ट्रॅक जातात. तबला मोठा झाला असेल तर तो तसाच राहणार, नंतर कमी करता येत नाही. मिक्सर घ्यायचाच असेल तर माहितीपत्रकात ‘मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग’ हे शब्द आणि ट्रॅकचा आकडा शोधा.

यूएसबीचे चार माइक घेऊन चार भोकांत खोचायचे, ही कल्पनाही डोक्यातून काढा. प्रत्येक यूएसबी माइकचं घड्याळ वेगळं. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जोडणारा दुवा) एका वेळी एकच यंत्र धरतो, आणि जुगाड करून चौघं चालवले तरी अर्ध्या तासात ट्रॅक एकमेकांपासून सरकतात.

संगणक नकोच असेल तर झूम एच६ सारखा रेकॉर्डर बरा. त्याला चार एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचे) माइक लागतात, प्रत्येक ट्रॅक कार्डावर वेगळा उतरतो, बॅटरीवर चालतो आणि लॅपटॉपच्या पंख्याची घरघर नसते. शिवाय तोच पुढे इंटरफेस म्हणूनही वापरता येतो. मात्र पडदा छोटा आणि चाकं बारीक, त्यामुळे लेव्हल लावताना डोळे ताणावे लागतात.

माइक: कुठल्या वाद्याला कुठला

माइक दोन जातींचे: बारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर आणि दणकट डायनॅमिक. कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून केबलवाटेच मिळणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, डायनॅमिकला लागत नाही. केबल नीट असेल तर डायनॅमिकला फँटम मिळाल्याने काही बिघडत नाही, म्हणून चारही चॅनेलना एकच बटण असलं तरी घाबरू नका. फक्त फँटम चालू असताना केबल काढ-घाल करू नका. आधी गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते चाक) शून्यावर, मग फँटम बंद, अर्धा मिनिट थांबा, मग केबल.

डग्ग्याला डायनॅमिक माइक चोख बसतो. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासून बनतोय; मार खातो, पडला तरी चालतो, आणि जुना घेतला तरी किंमत टिकून असते. त्याच्या आणि एसएम५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याचं बिल आणि वॉरंटी कार्ड असल्याशिवाय नवा घेऊ नका. निम्म्या किमतीतला ‘ओरिजिनल’ नसतो.

तबल्याला आणि पेटीला छोट्या पडद्याचे, पेन्सिलसारखे कंडेन्सर घ्या. जोडीत विकतात तेव्हा बहुधा स्वस्त पडतात. बेरिंजर सी-२ ही त्यातली सगळ्यात खालची पायरी, रोडची एम५ त्याहून बरी. ‘मॅच्ड पेअर’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका. जुळवलेली जोडी एकाच वाद्याचं स्टिरिओ रेकॉर्डिंग करताना कामाची. इथे एक माइक पेटीवर आणि दुसरा तबल्यावर आहे.

गळ्यासाठी ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सारखा कंडेन्सर चालेल, पण खोली बरी असेल तरच. टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या खोलीत कंडेन्सर गळ्याबरोबर अख्खी खोली उचलतो. अशा वेळी एसएम५८ तोंडापासून चार बोटांवर ठेवून गायलेलं अधिक स्वच्छ येतं. कितीही महागडा कंडेन्सर त्या खोलीत हरतो.

आता एक बारकावा. प्रत्येक कंडेन्सरची स्वतःची बारीक ‘सीऽऽ’ असते आणि माहितीपत्रकात ती ‘सेल्फ नॉइज’ म्हणून डीबीत (डेसिबलमध्ये) छापलेली असते. एटी२०२० ची २० डीबी, रोड एनटी१-ए ची ५ डीबी. तबल्याच्या दणक्यात २० डीबी कुणाला ऐकू येत नाही. पण तंबोरा, सतार, सारंगी रेकॉर्ड करताना गेन बराच वर न्यावा लागतो आणि वाद्याबरोबर ती सीसुद्धा वर येते. मिरजेचा चांगला जवारीदार तंबोरा घरात असेल तर त्याच्यासाठी १५ डीबीच्या आतला माइक हवा. डायनॅमिक तर तिथे अजिबात नको: एसएम५७ चा सिग्नल एटी२०२० पेक्षा सुमारे १९ डीबीने कमी असतो, आणि स्वस्त प्रीअँपचं चाक शेवटच्या टप्प्यात गेलं की खरखर सुरू होते.

स्टँड: आपण जमिनीवर बसतो

परदेशी याद्या वाचून सामान आणणारे इथेच फसतात. नेहमीचा माइक स्टँड पूर्ण खाली केला तरी साधारण ९० सेंटीमीटरवर थांबतो. तबल्याची पुडी जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच, म्हणजे माइक हवा ४५-५० सेंटीमीटरवर. मग दांडी तिरकी खाली सोडावी लागते, तोल जातो आणि स्टँड तबल्यावर आडवा होतो. ड्रमच्या मोठ्या ढोलासाठी बुटके बूम (आडव्या दांडीचे) स्टँड मिळतात, तसे दोन तबला-डग्ग्यासाठी घ्या. पेटी आणि गळ्याला साधे बूम स्टँड चालतात. त्यांच्या एका पायावर तांदळाची किलोभराची पिशवी टाका.

स्टँडचे पाय वादकाच्या सतरंजीवर येऊ देऊ नका. पायाने ताल दिला, मांडी बदलली, की ‘धप्’ थेट माइकमध्ये उतरतं. पाय सतरंजीबाहेर ठेवा, खाली जुन्या टॉवेलच्या चार घड्या.

केबल घरीच बनवा

पाच-पाच मीटरच्या चार एक्सएलआर केबल लागतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला माइक केबल मीटरवर मिळते, कनेक्टर सुटे मिळतात. डाग देता (सोल्डरिंग करता) येत असेल तर तासाभराचं काम. आधी कनेक्टरचं मागचं टोपण केबलमध्ये ओवा. डाग देऊन झाल्यावर आठवलं तर सगळं पुन्हा सोडवावं लागतं. कनेक्टरच्या आत १, २, ३ असे आकडे कोरलेले दिसतील. जाळी पिळून १ ला, एका रंगाची तार २ ला, दुसरी ३ ला, आणि दुसऱ्या टोकाला अगदी तसंच. मग मल्टिमीटर बझरवर लावून १ ते १, २ ते २, ३ ते ३ तपासा. आडवं कुठेही वाजता कामा नये. एका टोकाला २ आणि ३ उलटे झाले तर माइक चालतो, आवाज येतो, दोष कळत नाही. फक्त तो ट्रॅक दुसऱ्या माइकबरोबर लावला की खर्ज गायब होतो, आणि माणूस आठवडाभर तबल्याला दोष देत बसतो.

खोली

चांगल्या माइकवर दहा हजार जास्त घालण्याआधी घरातल्या गोधड्या बाहेर काढा. खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. त्यातल्या एका भिंतीवर दोन जाड गोधड्या किंवा रजया, भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, दोरीवर टांगा. भिंतीला चिकटवलेली गोधडी कमी काम करते. जमिनीवर सतरंजी, तिच्याखाली गादी असेल तर आणखी बरं. कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी भिंत कुरूप होण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

गोधड्या वरचे स्वर शोषतात, खर्ज शोषत नाहीत. १० फूट लांबीत साधारण ५६ हर्ट्झला आणि १२ फुटांत ४७ हर्ट्झला आवाज घुमतो, त्यांच्या दुप्पट-तिप्पट आकड्यांवरही. डग्ग्याचा ‘घे’ नेमका याच मुलखात येतो. म्हणून एकाच डग्ग्याचा एक घुमारा राक्षसी आणि दुसरा पोकळ वाटतो. चौकोनी १० बाय १० ची खोली यात सगळ्यात वाईट, कारण दोन्ही बाजूंचे आकडे एकच. उपाय फुकट आहे: तबलजींना खोलीत चार-पाच ठिकाणी बसवून ‘घे घे तिट’ वाजवायला सांगा, प्रत्येक ठिकाणी वीस सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐकून जागा निवडा. कोपरा आणि खोलीचा बरोबर मध्य टाळा.

पंखा बंद, एसी बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचा विसर पडतो, म्हणून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांवर इलाज नाही. रात्री अकरानंतर किंवा पहाटे बसा.

बैठक आणि माइकची जागा

मैफलीत तिघं श्रोत्यांकडे तोंड करून ओळीत बसतात. इथे त्रिकोणात, एकमेकांकडे तोंड करून, दीड मीटर अंतरावर बसवा. कार्डिऑइड माइक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून गळ्याच्या माइकची पाठ तबल्याकडे येईल असा कोन साधा. डोळ्यांना डोळे भिडतात, हा वरचा फायदा.

तबल्याचा माइक पुडीच्या १५-२० सेंटीमीटर वर, वादकाच्या समोरून तिरका, रोख चाट (पुडीची कड) आणि लव (कड आणि शाईमधला भाग) जिथे भेटतात तिथे. सरळ शाईवर रोखला तर ‘तिं’चा सूर येतो पण ‘ना’ची धार जाते. डग्ग्याचा माइक तेवढ्याच अंतरावर. दहा सेंटीमीटरच्या आत गेलात तर कार्डिऑइड माइक खर्ज फुगवतो आणि मनगटाची घासही मोठी होते. हाताला लावायची पावडर माइकवर उडू देऊ नका.

पेटीचा माइक ३५-४० सेंटीमीटर वर, सुरांच्या पट्ट्यांच्या मध्यावर, भात्यापासून लांब झुकलेला. जवळ नेला की पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा श्वास सुरापेक्षा पुढे येतो. बासरी असेल तर माइक फुंकेच्या भोकासमोर कधीच नको; फूटभर अंतरावर, थोडा वरून, फुंक आणि पहिल्या स्वराच्या भोकामधल्या जागेवर रोखा.

दोन माइकांमधलं अंतर वाद्य ते माइक या अंतराच्या तिप्पट तरी असावं असा ठोकताळा आहे. तबला-डग्ग्यात तो पाळता येत नाही, कारण दोन्ही शेजारी. म्हणून रेकॉर्ड झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये डग्ग्याच्या ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून दोन्ही एकत्र ऐका. ज्या स्थितीत खर्ज भरदार वाटतो ती ठेवा. हे दहा सेकंदांचं काम न केल्याने कितीतरी तबले पत्र्याच्या डब्यासारखे ऐकू येतात.

सूर आणि लेव्हल

पेटी ऐनवेळी जुळवता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी पेटीशी जुळायचं. पट्टी काळी एक म्हणून तंबोऱ्याच्या ॲपवर काळी एक निवडली की झालं असं नसतं. जुनी पेटी अनेकदा थोडी चढी किंवा उतरी असते. ॲपवरची बारीक फेरफाराची कळ फिरवून दोन सुरांच्या फरकाने ऐकू येणारे ठोके पूर्ण थांबेपर्यंत जुळवा आणि तो आकडा लिहून ठेवा, म्हणजे नंतर तंबोरा चढवताना तोच येईल. मग तबला त्याच षड्जाशी. वादकांना हेडफोन लागत नाहीत, ते एकमेकांना ऐकतात. गाणाऱ्याला तंबोरा हवा, तर एका कानात साधा इअरफोन द्या, आवाज बारीक ठेवा. ऐकणाऱ्या माणसाला मात्र बंद कपाचा हेडफोन हवाच. स्पीकर पुढच्या वर्षी घेतलेत तरी चालेल.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा लागते. चार ट्रॅकचा तास म्हणजे सुमारे २ जीबी. गेन लावताना तबलजींना ठेका नको, रेला वाजवायला सांगा, गवयाला तार षड्ज लावायला सांगा, आणि सगळ्यात मोठा आवाज वजा १२ डीबीच्या आसपास ठेवा. खरं वाजवताना प्रत्येक जण चाचणीपेक्षा जोरात वाजवतो. २४ बिटमध्ये आवाज थोडा कमी उतरला तरी नंतर वाढवता येतो; शून्याला धडकून फाटलेला ‘ना’ परत जुळत नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. खोलीची गुणगुण काढायला तोच नमुना लागतो.

सॉफ्टवेअरसाठी रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण फुकट वापरता येतं, पुढचा परवाना इतरांच्या मानाने स्वस्त आहे. ऑड्यासिटी फुकट असली तरी तिच्या बऱ्याच तयार आवृत्त्यांत एएसआयओ नसतं, त्यामुळे विंडोजवर बऱ्याचदा चारांऐवजी दोनच चॅनेल दिसतात आणि माणूस इंटरफेस बिघडला समजतो. ड्रायव्हर इंटरफेस बनवणाऱ्याच्या साइटवरूनच उतरवा. आवाजात ‘टिक टिक’ येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज थोडा साठवून पुढे देण्याचा आकडा) ५१२ किंवा १०२४ करा. इथे कुणी संगणकातून स्वतःला ऐकत नाही, त्यामुळे उशिराची चिंता नाही.

गुंऽऽ आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. थांबली तर दोष चार्जरच्या वाटेत आहे. धातूच्या भागाला हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या. अर्थची पिन कापून गुंगाट घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो जिवावर बेततो. वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला की काही इन्व्हर्टर मोठी भुणभुण आणतात. तेवढा वेळ चहा घ्या.

जुनं सामान घेणार असाल तर लॅपटॉप, एक कंडेन्सर आणि हेडफोन घेऊन जा. प्रत्येक चॅनेलवर फँटम लावून माइक वाजतोय का बघा. गेनचं चाक सावकाश फिरवताना खरखर येते का ऐका, केबल भोकात हलवून आवाज तुटतो का पाहा. तुमच्या विंडोज किंवा मॅकच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर मिळतो हे घरूनच तपासून निघा. आणि फायरवायरचं (जुन्या प्रकारच्या जोडणीचं) यंत्र कितीही स्वस्तात मिळत असलं तरी तिथेच ठेवून या. आजच्या लॅपटॉपला ते भोकच नाही.